राइड-ऑन मोवर धूर मारतोय: नवं इंजिन घालावं की जुनंच उघडून बघावं?

मैदानवाला · १४ मे, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. गाव फोंडा तालुक्यातलं, क्लब लहान, मैदान ९५ बाय ६० मीटर. गवत कापायला आमच्याकडे राइड-ऑन आहे, म्हणजे बसून चालवायचा मोवर. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलने बाग मोडून पार्किंग केलं तेव्हा तो आम्हाला भंगाराच्या भावात मिळाला. त्याला सहा वर्षं झाली. हॉटेलात किती राबला ते देव जाणे. तासांचं मीटर ६१२ वर आहे, आणि आम्ही घेतला तेव्हाही ते ६१२ वरच होतं.

इंजिन एका सिलिंडरचं, साडेसतरा एचपी, शाफ्ट उभा. डेक, म्हणजे पाती बसवलेलं खालचं झाकण, ४२ इंची. शिगम्यापासून निळा धूर मारायला लागलाय. सुरू करताना मोठा लोट, मग जरा शांत, आणि पाती जोडली की परत. एका कापणीला पाव लिटर तेल पितो. माडांच्या बाजूला गवत दाट आहे, तिथे आवाज बसतो.

मिस्त्रीने प्लग काढला तर काळा आणि ओला. कॉम्प्रेशन गेज लावला, सेल्फ मारला, काटा साठच्या वर जाईना. त्याचा निकाल पिस्टनवरच्या कड्यांवर, म्हणजे रिंगांवर: "रिंगा गेल्या. इंजिन बसलं. नवीन घाला." नव्या इंजिनाचे एके ठिकाणी ९२ हजार सांगितले, बसवणावळ वेगळी. नवा मोवर साडेतीन लाखांच्या पुढे. क्लबच्या खात्यात १ लाख १५ हजार आहेत आणि त्यांच्यावर पोरांच्या बुटांपासून मैदानाच्या पाण्यापर्यंत सगळ्यांचा डोळा आहे.

२४ तारखेला, रविवारी बैठक. पाऊस तीन आठवड्यांवर. जाणकारांनी सांगावं, इंजिन बदलू का?

स्पॅनर_१३ · १४ मे, रात्री १०.३१

तेलाची काडी काढा, पुसा, परत घाला, परत काढा. पातळी कुठे आहे? आणि काडीचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर बाकी सगळं सोडा, आधी कार्बोरेटर बघा.

मैदानवाला · १४ मे, रात्री १०.५०

आत्ताच बॅटरी घेऊन जाऊन आलो. वास तेलाचाच, पातळी खालच्या खुणेला. पेट्रोल तेलात कसं जाईल?

स्पॅनर_१३ · १४ मे, रात्री १०.५८

कार्बोरेटरमधल्या फ्लोटची निडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नसेल तर मोवर नुसता उभा असताना टाकीतलं पेट्रोल सिलिंडरमधून खाली तेलात उतरतं. तेल पातळ होतं, पातळी वर चढते, आणि इंजिन अगदी असाच धूर मारतं. आमच्याकडे एका इंजिनाचं "रिंगा गेल्या" म्हणून जवळजवळ बारावं घातलं होतं, शेवटी दोष निघाला निडलमध्ये. तुमचं ते दिसत नाही. तरी टाकीखाली कॉक लावून घ्या आणि मोवर ठेवताना बंद करत जा.

कुळागरी · १५ मे, सकाळी ६.४०

आमच्या आजोबांकडे बिनधुराचे मोवर होते. तेल पीत नव्हते, वर सकाळ-संध्याकाळ दूध द्यायचे.

विनोद सोडा. एवढे ९२ हजार कशाला? पाण्याच्या पंपाचं किंवा पॉवर टिलरचं इंजिन घाला की. बाजारात हवी तेवढी मिळतात, आणि बिघडलं तर गावातलाच माणूस दुरुस्त करतो.

तारवटी · १५ मे, सकाळी ७.१५

कुळागरी बाब, तसं करू नका. पंपाच्या इंजिनाचा शाफ्ट आडवा बाहेर येतो. राइड-ऑनला तो खाली जमिनीकडे यायला हवा, कारण त्याच शाफ्टवर गिअरबॉक्सची पुली असते आणि तिच्याखाली पात्यांचा क्लच. होंडाची जीएक्स इंजिनं आडव्या शाफ्टची आणि जीएक्सव्ही उभ्या शाफ्टची, अशा दोन वेगळ्या मालिका आहेत त्या एवढ्यासाठीच. आडवं इंजिन उभं करून ठोकलं तर आतलं तेल जिथे उडायला हवं तिथे उडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच इथे नवा धागा काढाल.

मैदानवाले, जहाजाच्या इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे इंजिन बदलण्याचं मला भय नाही. पण घ्यायचंच झालं तर एचपी सगळ्यात शेवटी बघा. आधी शाफ्टचा व्यास (या वर्गात बहुधा एक इंच), मग शाफ्टची लांबी, चावीची खाच, खालच्या बोल्टांची भोकं, सायलेन्सर कुठल्या बाजूला निघतो. लांबी पाव इंच चुकली तरी क्लच बसत नाही. दोन सिलिंडरचं स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नका. बॉनेट लागत नाही आणि सायलेन्सर नव्याने वाकवून घ्यावा लागतो. वायरिंगमध्ये इंजिन बंद करणारी जी वायर असते ती चुकून बॅटरीच्या बारा व्होल्टला लागली तर नवी इग्निशन कॉइल तिथल्या तिथे जळते. हे मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे, माझ्या मेव्हण्याच्या मोवरवर. तो अजून बोलत नाही.

आणि सगळ्याच्या आधी एक काम: खाली आडवं पडून शाफ्टवरची पुली निघते का ते बघा. किनाऱ्यावरच्या हॉटेलचा मोवर म्हणालात. खाऱ्या वाऱ्यात पुली शाफ्टला अशी धरते की पुलर वाकेल पण ती हलणार नाही. मग नवं इंजिन खोक्यात आणि जुनं मोवरवर, असे दोन्ही सांभाळत बसाल.

लेथवाला_डिचोली · १५ मे, दुपारी १.०५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, लांबेल.

मिस्त्रीच्या गेजवरून इंजिनाला फाशी देऊ नका. या इंजिनांत सेल्फवर भार येऊ नये म्हणून कॅमशाफ्टवर एक छोटी सोय असते. इंजिन सुरू होताना ती एक व्हॉल्व्ह किंचित उघडा धरते, वेग आला की बाजूला होते. म्हणजे सेल्फ मारून कॉम्प्रेशन मोजलं तर धडधाकट इंजिनाचाही आकडा कमीच येणार. मोटरसायकलीची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. त्याची चूक नाही, रोज त्याच्या हातात येतं ते वेगळं असतं.

इथे लीक टेस्ट लागते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. मग कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक. तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, किंवा हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) आणि सिलिंडर यांच्यामधलं गॅस्केट.

हा "किंवा" महत्त्वाचा आहे. हेडमध्ये व्हॉल्व्ह असलेल्या या इंजिनांत सिलिंडरच्या अगदी शेजारून पुशरॉडचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचा) बोगदा जातो. दोघांच्या मधली गॅस्केटची पट्टी एवढीशी असते. ती जळाली की सिलिंडरचा दाब बाहेर न येता बोगद्यातून क्रँककेसमध्ये शिरतो, आणि तिथलं तेल ब्रीदरच्या नळीतून कार्बोरेटरकडे ढकलतो. इंजिन ते पितं. धूर रिंगांसारखा, तेल खाणंही रिंगांसारखं, बाहेरून थेंब दिसत नाही. मिस्त्री म्हणतो रिंगा, गिऱ्हाईक म्हणतं नवं इंजिन, आणि जुनं जातं भंगारात. त्या भंगारातून मी दोन उचलली आहेत. दोन्ही चालू आहेत.

टेस्ट करताना पात्यांचा आणि चाकांचा, दोन्ही बेल्ट काढून ठेवा. पिस्टन टोकापासून जरासा जरी सरकलेला असेल तर हवेच्या दाबाने शाफ्ट झटक्यात फिरतो. पाती जोडलेली असतील तर बोटं मोजायची वेळ येईल. फ्लायव्हील धरायला दुसरा माणूस ठेवा.

टेस्टर नसेल तर माझा घेऊन जा. बसने पाठवतो.

बागवाली_म्हापसा · १५ मे, रात्री ९.२०

मी बार्देशात बागांची कंत्राटं घेते, सध्या दोन राइड-ऑन आहेत. सगळे इंजिनाबद्दल बोलताय, बाकीच्या मोवरकडे कोणी बघितलंय का?

सरळ हिशोब करा. तुमचं मैदान ९५ बाय ६०, डेक ४२ इंची. थोडं एकमेकांवर चढवत गेलात तर ६३-६४ पट्टे, म्हणजे सहा किलोमीटर चालणं. वळणं धरून दीड तास. आठवड्याला एकदा, मुसळधारेचे आठवडे वगळून वर्षाला सत्तरेक तास. नीट तेल बदललेलं नवं इंजिन हजार तास चाललं तर तुम्हाला चौदा वर्षं पुरेल. आता मला सांगा, हॉटेलने टाकलेला डेक चौदा वर्षं टिकणार आहे का?

हे मी शिकवायला सांगत नाही, पैसे घालवून सांगते. जुन्या मोवरला नवं इंजिन घातलं, दुसऱ्याच पावसाळ्यानंतर डेकचा पात्यांच्या बेअरिंगखालचा पत्रा फाटला. इंजिन अजून झकास आहे, शेडमध्ये गोणपाटाखाली झोपलंय.

उद्या स्क्रूड्रायव्हर घेऊन डेकच्या आतून, ओलं गवत चिकटतं त्या बाजूला टोचून बघा. मग मोवर अर्धा तास चालवून, गरम झाल्यावर चढावर घाला. हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) गिअरबॉक्स थंड असताना सगळेच चांगले असतात. गरम झाला की खरं रूप दाखवतो. चढावर दम टाकत असेल तर इंजिनावर एक रुपया घालू नका.

मैदानवाला · १६ मे, संध्याकाळी ७.४५

ताई, टोचलं. गवत बाहेर फेकतो त्या तोंडाजवळ स्क्रूड्रायव्हर आरपार गेला, दोन ठिकाणी. बेअरिंगांच्या जागा मात्र घट्ट आहेत, हातोडीच्या दांड्याने ठोकूनही बघितल्या. चढावर (आमच्या रंगमंचाशेजारी मातीचा रॅम्प आहे) धूर ओकत का होईना पण चढला, गरम असतानाही. दोनदा चढवला. दुसऱ्या वेळी शेजारच्या काकी खिडकी लावून घेत होत्या.

तारवटी काका, पुलीला गंज सोडवायचं तेल मारायला सुरुवात केली आहे. सध्या ती आमच्याकडे बघतही नाही.

लेथवाले, टेस्टर पाठवा. बसस्टँडवर उभा राहतो.

बागवाली_म्हापसा · १६ मे, रात्री ८.१०

तोंडाजवळचा पत्रा पॅच मारून चालतो. बेअरिंगची जागा घट्ट आहे ना, मग माझं अर्धं म्हणणं मी मागे घेते. अर्धंच.

पेट्रोलपंप_काका · १७ मे, सकाळी ११.००

सगळा दोष ई२० चा. तेव्हापासून सगळी छोटी इंजिनं अशीच मरतायत.

स्पॅनर_१३ · १७ मे, सकाळी ११.२५

काका, अर्धं खरं. या इंजिनांच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, आणि पंपावर आता वीस टक्के. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलाव्याशिवाय दुसरं काय असतं? चार महिने पेट्रोल भरून ठेवलेला मोवर चवथीला सुरू होत नाही, कार्बोरेटरमध्ये पांढरी बुरशीसारखी पूड, रबरी नळ्या फुगलेल्या. पण त्याने इंजिन सुरू व्हायला नखरे करतं, उचकतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, त्याचा पेट्रोलशी संबंध नाही. महिनाभर वापरायचा नसेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, टाकी रिकामी करा.

मैदानवाला · १९ मे, रात्री ९.३०

टेस्ट झाली. आमचा गोलकीपर फ्लायव्हील धरून बसला होता (दुसरं कोण धरणार). सायलेन्सरमधून काही नाही, कार्बोरेटरमधून काही नाही. तेलाच्या तोंडातून मात्र सायकलच्या ट्यूबसारखी हवा.

म्हणजे रिंगा किंवा गॅस्केट. पुढे कसं ओळखायचं?

लेथवाला_डिचोली · १९ मे, रात्री १०.०५

बाहेरून नाही ओळखता येत. हेड काढा. एका संध्याकाळचं काम आहे. वरचं पंख्याचं झाकण काढलं की समोरच. रिंगा निघाल्या तरी हेड काढणं फुकट जात नाही, कारण बोअर (सिलिंडरची आतली भिंत) बघितल्याशिवाय रिंगांचा निर्णय होत नाही. बोअरला नखाला लागतील अशा उभ्या रेघा असतील तर मग तुमच्या मिस्त्रीची माफी मागू.

गॅस्केट मागवण्याआधी इंजिनावर ठोकलेल्या आकड्यांचा फोटो काढा. उदाहरणार्थ, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे असतात. कोडचे पहिले सहा आकडे म्हणजे इंजिन बनल्याचं वर्ष, महिना, दिवस. बाकीच्यांचीही आपापली रीत असते. "साडेसतरा एचपीचं गॅस्केट द्या" म्हणून दुकानात गेलात तर दुकानदार हाताला लागेल ते देईल.

तारवटी · १९ मे, रात्री १०.४०

पुशरॉड काढाल तेव्हा कुठली कुठल्या व्हॉल्व्हची ते पुठ्ठ्याला भोकं पाडून खोचून ठेवा. आणि काचेवर घरंगळवून बघा, वाकलेली असेल तर लगेच कळेल.

मैदानवाला · २१ मे, रात्री ११.५०

उघडलं. फोटो टाकता येत नाहीत, शब्दांत सांगतो.

पंख्याचं झाकण उचललं तर आत उंदराचं घर. नुसतं घर नव्हे, वाडा. वाळलेलं गवत, काथ्या, आमच्याच गोलपोस्टच्या जाळीचे निळे धागे, आणि एक काजूची बी. सिलिंडरच्या कूलिंगच्या पट्ट्यांमधली अर्धी जागा लाल धूळ आणि गवताने थापल्यासारखी बंद. हवेवर थंड होणारं इंजिन आणि त्याला हवाच नाही. ते झाकण सहा वर्षांत एकदाही काढलं नव्हतं, कबूल करतो. ते काढायचं असतं हेच माहीत नव्हतं.

हेड निघालं. गॅस्केट पुशरॉडच्या बाजूला जळून तुटलेलं, करंगळीच्या नखाएवढा तुकडा गायब. बोअरला बारीक रेघा आहेत, एक नखाला किंचित लागते, बाकी गुळगुळीत. पुशरॉड सरळ.

लेथवाले, हेडवर पट्टी धरली तर मध्ये उजेड दिसतो.

लेथवाला_डिचोली · २२ मे, सकाळी ७.००

गरम होऊन हेड वाकलं आणि गॅस्केट गेलं, दुसरं काही नाही. नवं इंजिन घातलं असतंत तर उंदराने त्यातही घर केलं असतं आणि ते याच रस्त्याने गेलं असतं, ९२ हजारांसकट.

हेडला फेसिंग मारा, म्हणजे तोंड सपाट करून घ्या, पण लेथवाल्याला सांगा अगदी कमीत कमी, ॲल्युमिनियम आहे. नाहीतर जाड काच टेबलावर ठेवून तिच्यावर एमरी पेपर चिकटवा आणि हेड इंग्रजी आठच्या आकारात घासत रहा, सगळीकडे एकसारखी चकाकी येईपर्यंत. बोल्ट टॉर्क रेंचनेच, पुस्तकात दिलेल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत. व्हॉल्व्हची फट मोजताना पिस्टन वरच्या टोकापासून पाव इंच खाली जाऊ द्या. नाहीतर कॅमवरची ती छोटी सोय व्हॉल्व्ह उचलून धरते आणि माप खोटं येतं.

रेघेचं म्हणाल तर ती आहे तशी राहू द्या. थोडं तेल खाईल. या मोवरला रिबोअर करण्यात अर्थ नाही.

बागवाली_म्हापसा · २२ मे, सकाळी ८.३०

उंदरासाठी: मोवर ठेवताना बॉनेट उघडं ठेवा. अंधार आणि ऊब मिळाली नाही तर घर करत नाहीत. डांबराच्या गोळ्या, तंबाखू सगळं करून झालंय, हे एवढंच चालतं. आणि एअर फिल्टर बघा. आपली लाल माती पिठासारखी असते, बोअरला रेघ तिच्यामुळेही येते.

मैदानवाला · २४ मे, रात्री ९.१५

बैठक झाली. हेड सुटं करून टेबलावर ठेवलं होतं, त्यामुळे चर्चा लवकर संपली. एका ज्येष्ठ सभासदांनी "नवीनच घेऊया, नाव होईल" असं सुचवलं. नाव कोणाचं, ते विचारायचं राहून गेलं. इंजिनाचा खर्च बाजूला. आधी दुरुस्ती, आणि दर महिन्याला थोडे पैसे मोवरच्या नावाने वेगळे.

मैदानवाला · १ जून, संध्याकाळी ६.३०

मंडळी, गॅस्केट पुण्याहून आलं, हेड आम्हीच काचेवर घासलं (तिघे, दोन संध्याकाळी, खांदे गेले). डेकला आतून पत्र्याचा पॅच मारून घेतला. गॅस्केट, तेल, नवा फिल्टर, वेल्डिंग मिळून ६,४०० रुपये. तेल एसएई ३०, पुस्तकात होतं तेच.

काल सुरू केला. पहिली दहा मिनिटं असा धूर की मला वाटलं सगळं पाण्यात गेलं. स्पॅनर_१३ यांना फोन केला, ते म्हणाले सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं तेल जळतंय, चालू द्या. चालू दिला. मग साफ झाला. पूर्ण मैदान कापलं, एक तास चाळीस मिनिटं, माडांच्या बाजूलाही आवाज बसला नाही. काडीवर तेल केसभर खाली. मिस्त्री येऊन बघून गेला, म्हणाला, "रिंगा पण घालून घ्यायच्या होत्या." चहा घेऊन गेला.

तारवटी · १ जून, संध्याकाळी ७.०५

पुली निघाली का?

मैदानवाला · १ जून, संध्याकाळी ७.१०

नाही. अजून तिथेच आहे.

लेथवाले, टेस्टर माझ्याकडेच राहिलाय. पाऊस लागायच्या आत पोचवायचा आहे. या आठवड्यात फोंड्याहून डिचोलीला कोणी जाणार असेल तर सांगा, क्लबवर ठेवतो.